हृदयनाथ मंगेशकर नव्या श्रोत्याला ऐकवताना

कुणी म्हणालं, "हृदयनाथांचं काहीतरी ऐकव," की आपण पन्नास गाण्यांची यादी पाठवतो आणि समोरचा तिसऱ्या गाण्यालाच थांबतो. त्यापेक्षा पाचच गाणी द्या, आणि कवीचा हात धरून पुढे न्या.

१. सुरुवात ‘मी डोलकर’ने. हेमंतकुमार आणि लताबाई. ताल ओळखीचा, लगेच पकडतो.

२. मग सुरेश भट: ‘मेंदीच्या पानावर’, आणि त्याला लागूनच ‘मालवून टाक दीप’. कवी एक, आवाज एक, संगीतकार एक. तरी चाली किती वेगळ्या! हृदयनाथ शब्द कसे वाचतात ते इथेच कळतं, म्हणून ही जोडी तोडू नका.

३. आता आरती प्रभूंचं ‘गेले द्यायचे राहून’.

४. शेवटी ग्रेस यांचं ‘ती गेली तेव्हा रिमझिम’, खुद्द हृदयनाथांच्या आवाजात. हे पहिलं लावलं तर जड वाटतं, पाचवं लावलं तर श्रोता पुन्हा लावायला सांगतो.

एक सांभाळा: शोधताना नव्या गायकांनी गायलेली रूपंही वर येतात. गायकाचं नाव तपासून मूळ ध्वनिमुद्रणच पाठवा.