रात्री सुटणारी खा-खा: या चुका टाळा

रात्रीची जेवणं उरकलेली असतात, भांडी घासून पालथी घातलेली असतात, आणि तरी पाय फरसाणाच्या डब्याकडे वळतात. पोट भरलंय हे कळत असतं. मग ‘माझा मनावर ताबाच नाही’ म्हणून स्वतःला बोल लावला जातो. माझ्या मते हा दोष बहुतेकदा चुकीच्या जागी जातो, कारण रात्रीच्या या वखवखीची सुरुवात सकाळीच झालेली असते.

दिवसभर पोट मारणं

सगळ्यात मोठी चूक ही. सकाळी नुसत्या चहावर कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी गाठायची, वजन उतरवायचंय म्हणून डब्यातली भाकरी अर्धी ठेवायची. संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरला ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर वड्याचा वास आला, की एकावर भागत नाही. घरी आल्यावर चप्पल काढता काढता चिवड्याचा डबा उघडला जातो, तो तळाला हात लागेपर्यंत.

पोट रिकामं राहिलं की घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक वाढतं. झोप अपुरी झाली तरी ते वाढू शकतं. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ही धडधाकट माणसं दिवसभर खाण्याचाच विचार करू लागली, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पोटभर खायला मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक लवकर शमली नाही. उपाशी शरीर असंच वागतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

म्हणून सकाळी पोहे-उप्पीट काहीतरी खाऊनच निघा, दुपारी नीट जेवा आणि पाचच्या सुमारास मूठभर शेंगदाणे नि गुळाचा खडा तोंडात टाका. आठ-दहा दिवस एवढंच करून बघा. बाकीचे नियम नंतर.

‘आजपासून मिसळ बंद!’

बंदी घातली की तीच डोळ्यांसमोर नाचते. मग एक प्लेट झाली की ‘आता मोडलंच आहे, उद्यापासून बघू’ म्हणत दिवसभर काहीही चालतं. त्यापेक्षा रविवारी सकाळी निवांत बसून, कट मागून घेऊन मिसळ खा आणि दुपारी नेहमीसारखं जेवा.

ताणाला भूक समजणं

साहेबांचा फोन झाला, घरात शब्दाला शब्द लागला, की गोड नाहीतर चमचमीत हवंसं होतं. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि बऱ्याच जणांची ओढ साखर-तेलाकडे जाते. खरी भूक हळूहळू वाढते आणि तिला आमटी-भातही चालतो. मनाची भूक अचानक येते, एकाच पदार्थासाठी हटून बसते. स्वतःला विचारा: आत्ता गरम भाकरी आणि आमटी मिळाली तर खाईन का? उत्तर ‘नको’ असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. रंकाळ्यावर एक चक्कर मारा, बहिणीला फोन करा. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. नाहीच ओसरली, तर वाटीत काढून, बसून, चव घेत खा. उभ्यानं डब्यातून खाल्लं की किती खाल्लं ते कळतच नाही.

घरच्यांचं बोलणं

‘किती खातेस गं!’ हे पोरीला चारचौघांत कधीच म्हणू नका. ती खायची थांबत नाही, लपून खायला लागते.

डॉक्टरांकडे जायला उशीर करणं

आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने, पोट दुखेपर्यंत भराभर खाल्लं जात असेल, आवरतच नसेल आणि नंतर अपराधी वाटत असेल, तर हा खाण्याचा विकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. खाऊन मुद्दाम उलटी काढत असाल तर अजिबात थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक भूक लागून दरदरून घाम सुटला, हात थरथरले, तर साखर उतरलेली असू शकते. तिथं ते पंधरा मिनिटं थांबणं धोक्याचं. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या आणि नंतर डॉक्टरांना कळवा.