केपच्या जुन्या रेड वाइन : संग्रह कसा करावा आणि सालांतला फरक कसा चाखावा

जुन्या रेड वाइनचा विषय निघाला की फ्रान्समधल्या बोर्दोचे नाव आधी येते, आणि पाठोपाठ तिथल्या किमती ऐकून बहुतेकांचा उत्साह मावळतो. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातील जुन्या रेड वाइनचे गणित वेगळे आहे. वर्णभेदाच्या काळातील आर्थिक निर्बंधांमुळे १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत ही वाइन परदेशी बाजारात फारशी पोचत नव्हती, त्यामुळे तिच्या जुन्या बाटल्यांभोवती सट्टेबाजीचा व्यवहार उभा राहिला नाही. केपमध्ये वाइन अर्थातच फार जुनी आहे. तिथल्या द्राक्षांचा रस पहिल्यांदा काढल्याची नोंद केपमधील डच वसाहतीचा संस्थापक यान व्हान रिबेक याच्या रोजनिशीत २ फेब्रुवारी १६५९ या तारखेला सापडते. मात्र आज संग्राहक ज्यांच्या मागे असतात त्या नामांकित लेबलांपैकी बरीचशी १९७० नंतर सुरू झाली. म्हणजे एखाद्या मळ्याची पहिल्या सालापासून (साल म्हणजे द्राक्षे तोडल्याचे वर्ष) आजपर्यंतची वाटचाल नवशिक्याच्याही आवाक्यात येऊ शकते. हा लेख अशा संग्राहकासाठी आहे.

आधी एकच लेबल निवडावे

दहा मळ्यांच्या एकेक बाटल्या जमवणे सोपे असते, पण त्यातून काही कळत नाही, कारण चवीतला फरक मळ्यामुळे आहे, द्राक्षाच्या जातीमुळे आहे की सालामुळे आहे, हे ओळखायला आधारच उरत नाही. म्हणून मळा एक, मिश्रण एक आणि साले अनेक, अशी सुरुवात करावी.

यासाठी दोन नावे मला सर्वांत सोयीची वाटतात. पहिले मीअरलुस्ट मळ्याचे ‘रुबिकॉन’. या मिश्रणाचे पहिले साल १९८०. मळा १७५६ पासून मायबर्ग कुटुंबाकडे आहे आणि फॉल्स बेचा उपसागर जवळ असल्याने दुपारी समुद्राचा गार वारा तिथल्या वेलींना मिळतो. दुसरे कानोनकोप मळ्याचे ‘पॉल सावर’, पहिले साल १९८१. टेबल बेमध्ये जहाज आल्याची वर्दी देण्यासाठी ज्या टेकडीवरून तोफ डागली जात असे, तिच्यावरून मळ्याला हे नाव मिळाले. सिमोन्सबर्ग डोंगराच्या उतारावरील हा मळा कॅबर्ने सोव्हिन्यॉन या द्राक्षजातीचा वाटा मोठा ठेवून त्यात कॅबर्ने फ्रांक आणि मेर्लो या जाती मिसळतो. वाइनमेकर इथे क्वचितच बदलतो, ही गोष्ट संग्राहकाच्या दृष्टीने मोलाची आहे. बेयर्स ट्रुटर १९८० च्या दशकाच्या आरंभापासून दोन दशके या तळघरात होते, आणि त्यांच्यानंतर आब्री बीस्लारही तितकाच काळ राहिले. हात तोच असला की पेल्यातील फरक सालाचा आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

पिनोटाजला नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात. १९२५ मध्ये आब्राहम पेरोल्ड यांनी स्टेलेनबॉशमध्ये पिनो न्वार आणि सँसो यांच्या संकरातून तयार केलेली ही केपची स्वतःची जात आहे. तरुणपणी तिची चव कधी कधी खरेच भडक असते. चांगल्या मळ्याची पिनोटाज पंधरा-वीस वर्षे मुरू दिली की तिच्यातला पिनो न्वारचा वारसा वर येतो आणि नाके मुरडणारेही दुसऱ्यांदा पेला पुढे करतात. संग्रहाची दुसरी ओळ सुरू करायची असेल तर ती पिनोटाजची असावी. स्वार्टलँडमधील एबेन सादी यांची सिराप्रधान ‘कॉलुमेला’ (पहिले साल २०००) उत्तम आहे, पण किमतीमुळे तिचा विचार नंतर करावा.

सालांचा अभ्यास

केप दक्षिण गोलार्धात आहे. पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो आणि लाल द्राक्षांची तोडणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. त्यामुळे २००९ सालची केपची वाइन त्याच सालच्या फ्रेंच वाइनपेक्षा सहा महिन्यांनी मोठी असते. उन्हाळ्यात आग्नेयेकडून वाहणाऱ्या ज्या जोरदार वाऱ्याला स्थानिक लोक ‘केप डॉक्टर’ म्हणतात, तो वेली कोरड्या ठेवून बुरशीला आवर घालतो. या ठरलेल्या चक्रात जिथे बिघाड झाला किंवा जिथे ते नेमके जुळून आले, ती साले लक्षात ठेवायची.

१९७४ हे जुन्या पिढीचे गाजलेले साल. त्या वर्षीच्या कॅबर्नेच्या चांगल्या जपलेल्या बाटल्या आजही आदराने उघडल्या जातात. १९९५ दमदार होते. १९९७ थंड आणि १९९८ उष्ण अशी ही लागोपाठची जोडी अभ्यासासाठी फार उपयोगी आहे, कारण एकाच मळ्याच्या या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की हवामान पेल्यात कसे उतरते ते पुस्तकाशिवाय समजते. २००२ मध्ये ओल्या हवेमुळे केवडा या बुरशीजन्य रोगाने मळे पछाडले (नाशिककडच्या बागायतदाराला केवडा म्हणजे काय हे सांगायला नको) आणि मीअरलुस्टने त्या वर्षी ‘रुबिकॉन’ हे नाव न वापरता वाइन साध्या लेबलाखाली विकली. २००३, २००९, २०१५ आणि २०१७ ही वरच्या श्रेणीची साले मानली जातात. यातील शेवटच्या दोन सालांच्या मधल्या आणि नंतरच्या काळात दुष्काळ पडत गेला, आणि २०१८ मध्ये केप टाउन शहराचे पाणीच संपण्याची वेळ आली होती. पाणी कमी मिळाले की मणी लहान राहतात आणि रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. रंग आणि टॅनिन (तोंडाला कोरड आणणारा तुरट घटक) द्राक्षाच्या सालीतूनच येत असल्याने अशा सालांच्या वाइन दीर्घकाळ मुरतात.

नामवंत सालांच्याच मागे लागू नये, असे मात्र मी आग्रहाने सांगेन. १९९७ सारखे गार साल तरुणपणी दुर्लक्षित राहते, स्वस्तात मिळते आणि वीस वर्षांनी अनेकदा उष्ण सालापेक्षा अधिक ताजे निघते.

आणखी एक फरक लेबलवरच छापलेला असतो. १९७० आणि १९८० च्या दशकांतील बाटल्यांवर अल्कोहोलचे प्रमाण १२ ते १२.५ टक्के दिसते, तर २००० नंतर ते १४ टक्क्यांच्या पुढे जाते. त्या काळच्या अनेक वेली पाने वळण्याच्या विषाणुजन्य रोगाने ग्रासलेल्या होत्या, त्यामुळे द्राक्षांत साखर पूर्ण भरत नसे. पुढे निरोगी रोपे आली आणि द्राक्षे अधिक पिकू देण्याची पद्धतही रुळली. जुन्या बाटल्यांची काटक, किंचित पालेदार चव ही अंशतः त्या रोगाची देणगी आहे, हे मान्य करायला थोडे विचित्र वाटते खरे.

खरेदी

जुन्या वाइनची किंमत सालावर ठरते, पण तिची प्रकृती ती कुठे पडून होती यावर ठरते. म्हणून पहिला प्रश्न साठवणुकीचा विचारावा. मळ्याच्या स्वतःच्या तळघरातून उशिरा बाहेर आलेल्या बाटल्या सर्वांत भरवशाच्या. त्याखालोखाल तापमान-नियंत्रित गोदाम असलेले विक्रेते आणि केपमधील लिलाव. नेडरबर्गचा लिलाव १९७५ मध्ये सुरू झाला, तर लिलाव भरवणारी केप वाइनमेकर्स गिल्ड ही संस्था १९८२ ची. डर्बनच्या दमट उकाड्यात दिवाणखान्यातील कपाटात वीस वर्षे उभी राहिलेली बाटली, साल कितीही थोर असले तरी, सोडून द्यावी.

बाटली हातात घेतली की ती उभी धरून उजेडासमोर पाहावी. पंधरा वर्षांच्या बाटलीत वाइन मानेच्या तळापर्यंत असावी. तिशी गाठलेल्या बाटलीत ती खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत उतरलेली चालते. त्याखाली असेल तर बुचातून हवा आत शिरलेली आहे असे समजावे. मानेवरील वेष्टण बोटाने हलके फिरवून पाहावे. ते चिकटून बसले असेल आणि कडेला वाळलेल्या रसाचा ओघळ असेल, तर बाटलीने कधी तरी उष्णता सोसलेली आहे. लेबल डागाळलेले असणे हा दोष नव्हे. ओलसर तळघराची ती खूणच असते. १९७३ पासून केपमध्ये उगमस्थान प्रमाणित करण्याची पद्धत आहे आणि प्रमाणित बाटलीच्या मानेवर क्रमांकाची पट्टी असते. ती फाटलेली किंवा पुन्हा चिकटवलेली दिसली तर विक्रेत्याला त्याबद्दल विचारावे.

शक्य असेल तेव्हा एका सालाच्या तीन बाटल्या घ्याव्यात. एक लवकर उघडून पाहण्यासाठी, एक योग्य वेळी पिण्यासाठी आणि एक तो अंदाज चुकला तर हाताशी असावी म्हणून.

परदेशातून भारतात परतताना प्रवाशाला शुल्काविना २ लिटर मद्य आणता येते, म्हणजे नेहमीच्या ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. दीड लिटरची मॅग्नम बाटली मिळाली तर तिला प्राधान्य द्यावे, कारण मोठ्या बाटलीत वाइन सावकाश मुरते. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी लागणारा परवाना आधीच काढून ठेवावा.

साठवण

तापमान १२ ते १४ अंश सेल्सिअस, हवेत पुरेसा ओलावा, अंधार, स्थिरता, आणि बूच ओले राहावे म्हणून आडवी बाटली, एवढ्याच अटी आहेत. मुंबई-पुण्यातील घरात त्या पाळायच्या तर कंप्रेसरचे वाइन कपाट घेण्याला पर्याय नाही. स्वयंपाकघरातील फ्रिज फार थंड आणि कोरडा असतो, शिवाय त्याचे दार दिवसभर उघडत राहते. लोडशेडिंगचे तास मोठे असतील तर कपाट इन्व्हर्टरवर ठेवावे. एखाद-दोन अंश कमी-जास्त झाल्याने वाइन बिघडत नाही, पण रोजची चढउतार बुचाला सैल करते.

बाटली उघडणे

जुनी बाटली चाखण्याच्या एक-दोन दिवस आधी उभी करून ठेवावी. टॅनिन आणि रंगद्रव्यांचे कण वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून जड होतात आणि गाळ बनून बसतात. तो तळाशी उतरायला वेळ लागतो. वाइन १६ ते १८ अंशांवर असावी. आपल्याकडच्या खोलीचे तापमान म्हणजे ते नव्हे.

वेष्टण पूर्ण काढावे. बुचाच्या माथ्यावर काळसर बुरशी दिसली तर घाबरू नये. ओल्या फडक्याने माथा आणि बाटलीचे तोंड पुसून घ्यावे. वीस वर्षांपुढच्या बुचात मळसूत्री स्क्रू घातला तर बूच बहुधा मधोमध तुटते, म्हणून दोन पात्यांचे साधन वापरावे. लांब पाते आधी बूच आणि काच यांच्या फटीत सरकवावे, मग आखूड पाते, आणि साधन डावी-उजवीकडे हलवत दोन्ही पाती पूर्ण आत जाऊ द्यावीत. त्यानंतर सरळ न ओढता, फिरवत फिरवत बूच वर आणावे. घाई केली तर बूच आत ढकलले जाते.

पुढे बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च ठेवून वाइन एका संथ धारेने, मध्ये न थांबता, डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवण्याच्या काचेच्या सुरईत) ओतावी. बराच वेळ धार स्वच्छ दिसते. शेवटी खांद्यावरून धुरासारखी एक करडी रेघ मानेकडे सरकू लागते. ती दिसताच हात थांबवावा. बाटलीत दोन-चार घोट राहतील, ते राहू द्यावेत. तिशी ओलांडलेली वाइन ओतल्यावर लगेच चाखावी, कारण तिचा गंध अर्ध्या तासातही विरू शकतो. दहा वर्षांच्या वाइनला मात्र डिकँटरमध्ये दोन तास हवा लागू द्यावी.

चाखण्याची संध्याकाळ

सहा ते आठ साले आणि आठ-दहा माणसे हे प्रमाण चांगले जमते. प्रत्येकाला सालागणिक ५० मिलिलिटर पुरते. कोणत्या क्रमाने चाखावे यावर जाणकारांत मतभेद आहेत. केपच्या बाबतीत जुन्याकडून नव्याकडे जावे असे माझे मत आहे, कारण १४.५ टक्क्यांची भरदार २०१५ जिभेवर बसल्यानंतर १२ टक्क्यांची १९८६ पाण्यासारखी लागते, आणि तो त्या बिचारीवर अन्याय होतो. टेबलावर साधा पाव आणि पाणी ठेवावे. फरसाण आणि तिखट चकल्या दुसऱ्या खोलीत असाव्यात. कमी मसाल्याचे भाजलेले मटण शेवटी वाढावे.

पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून कड पाहावी. तरुण वाइनची कड जांभळट असते, पुढे ती माणकासारखी लाल होते आणि शेवटी विटकरी. गंधाला उसनी इंग्रजी विशेषणे लावण्यापेक्षा आपल्या ओळखीची नावे द्यावीत. तरुण केप कॅबर्नेत जांभूळ सापडते; दहा-पंधरा वर्षांनी सुके अंजीर, तंबाखूचे पान आणि देवदाराची पेटी; त्याहून पुढे चामडे आणि ओला पालापाचोळा. पुष्कळदा पुदिन्यासारखा किंवा रानझुडपांचा गंधही येतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच दूषित आहे. व्हिनेगरसारखी झणझण किंवा तबेल्याचा वास फार वर आला तर तोही दोष मानावा. अशा बाटलीवरून त्या सालाबद्दल मत बनवू नये.

नोंदीत चार गोष्टी असल्या तरी पुरे : कड, गंध, टॅनिन अजून हिरड्यांना ओढते की विरघळले आहे, आणि आम्लता वाइनला उभी धरते की नाही. टॅनिन मऊ झालेले आहे पण आम्लता जागी आहे, अशी वाइन ऐन भरात असते. फळ ओसरून नुसतीच आंबट धार उरली असेल, तर त्या सालाच्या राहिलेल्या बाटल्या लवकर संपवाव्यात.

मंडळी गेल्यावर उरलेल्या डिकँटरवर साले लिहून ते झाकून गार जागी ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखावेत. रात्रीत कोमेजलेल्या सालाच्या शिल्लक बाटल्या कपाटात पुढच्या खणात आणाव्यात. जी वाइन तशीच टिकली तिला आणखी चार-पाच वर्षे द्यावीत, आणि जी आदल्या रात्रीपेक्षा खुललेली आढळली तिच्या दोन्ही बाटल्या सर्वांत मागे सरकवाव्यात.