कडा उचललेली लाकडी जमीन: माझा अनुभव

बैठकीच्या खोलीत अस्सल लाकडाची जमीन बसवून घेतल्यावर दोन महिन्यांतच फळ्यांच्या कडा वर उचलल्या आणि अनवाणी चालताना प्रत्येक सांधा तळव्याला टोचू लागला. कंत्राटदाराचे उत्तर ठरलेले होते: लाकूड आहे, थोडे हलणारच. मला ते पटले नाही, म्हणून भिंतीलगतची पट्टी मी स्वतः काढून पाहिली. लाकडाच्या प्रसरणासाठी जिथे साधारण १८ ते २० मिलिमीटर फट सोडायला हवी होती, तिथे फळ्या थेट भिंतीला टेकल्या होत्या. शेजारच्या ओळींतील फळ्यांच्या टोकांचे सांधे एकमेकांपासून किमान १५ सेंटिमीटर अंतरावर असावे लागतात, ते काही ठिकाणी जेमतेम दोन बोटांवर होते. ओलावा मोजणारे मीटर आणून पाहिले, तेव्हा फळ्यांत ९ टक्के आणि खालच्या प्लायवूडमध्ये १४ टक्के ओलावा निघाला. रुंद फळ्यांसाठी हा फरक २ टक्क्यांच्या आत असावा लागतो.

फोटो आणि मोजमापे जोडून मी लेखी तक्रार दिली व शेवटचा हप्ता थांबवला. महिनाभर फोनवर वाद घालून जे झाले नव्हते, ते त्या पत्राने आठवड्यात झाले. जमीन लगेच घासून सपाट करून देण्याची तयारी त्यांनी दाखवली, पण ती मी नाकारली, कारण ओलसर असताना घासलेल्या फळ्या वाळल्यावर मधोमध फुगीर दिसतात. आधी कडेच्या फळ्या कापून फट मोकळी केली, हवेतील दमटपणा शोषणारे यंत्र सहा आठवडे चालवले आणि मीटरवरील आकडे स्थिरावल्यावरच घासकाम व पॉलिश करून घेतले. सांधे चुकलेल्या चार ओळी मात्र उखडून नव्याने बसवाव्या लागल्या.