खान्देशातून व्हिज्युअल अँथ्रोपॉलॉजीचं मास्टर्स करायचंय? तयारी घरूनच सुरू करा

आपल्याकडची, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारची बरीच मुलं हल्ली विचारतात की कॅमेऱ्याची आवड आहे, लोकांत मिसळायला आवडतं, मग व्हिज्युअल अँथ्रोपॉलॉजीला जाता येईल का. येईल, आणि अँथ्रोपॉलॉजीत, म्हणजे मानवशास्त्रात, बीए नसलं तरी बऱ्याच ठिकाणी चालतं. फक्त एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या, ही फिल्म स्कूलची डिग्री नाही. इथं माणसं कशी जगतात हा अभ्यास आधी आणि कॅमेरा त्या अभ्यासासाठी, त्यामुळे ड्रोन शॉट आणि भारी लेन्सवर कुणी अ‍ॅडमिशन देत नाही.

हा विषय काही काल-परवाचा नाही. १८९८ मध्ये इंग्रज मानवशास्त्रज्ञ हॅडन ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीमधल्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेवर गेला तेव्हाच सिनेमाचा कॅमेरा सोबत घेऊन गेला होता. पुढं १९३६ ते १९३९ दरम्यान मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन या मानवशास्त्रज्ञ जोडप्यानं बालीमध्ये साधारण २५,००० फोटो काढले आणि २२,००० फूट फिल्म शूट केली. कशाची, तर आई बाळाला कशी धरते, नाच शिकवताना गुरू मुलाचा हात कसा वळवतो, असल्या रोजच्या गोष्टींची. तुम्हाला हेच शिकायचंय, रोजचं काम सगळ्यांसमोर होतं आणि तरी कुणी नीट बघत नाही, ते बघायचं.

म्हणून अर्जाच्या आधी एक छोटी फिल्म करा, सात-आठ मिनिटांची, आणि मोठा सण सोडून एखादं काम निवडा. खापराची पुरणपोळी घ्या. बाई पोळी या हातावरून त्या हातावर झेलत झेलत पार कोपरापर्यंत मोठी करते आणि मग चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकते, हे रील्सवर सगळ्यांनी पाहिलंय. पण रीलमध्ये काय दिसत नाही ते बघा ना. उंडे कोण करून देतंय, चुलीत काड्या कोण सारतंय, पोळी हातावर असताना बाई गप्प असते आणि खापरावर पडली की गप्पा सुरू, सून शेजारी बसून नुसती बघतेय आणि सासू एकदम म्हणते "आते टाक". एवढ्यात शिकणं-शिकवणं, घरातला मान, वय सगळं येतं, आणि तुम्हाला वरून निवेदन टाकायची गरजच पडत नाही.

शूटिंगला मोबाईल चालतो, पण सेटिंग बघून घ्या, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र फडफडतं. एक शॉट निदान वीस सेकंद हलवू नका, झूम तर नकोच. पैसे असतील तर आधी माइक घ्या, कारण अंधुक चित्र माणूस सहन करतो पण न ऐकू येणारं बोलणं नाही करत. आणि मेमध्ये उन्हात शूट ठेवू नका, जळगाव-भुसावळकडं पारा ४५ वर गेला की मोबाईल तापून कॅमेराच बंद पडतो, भल्या पहाटे जा.

भाषेचं पण सांगतो. कॅमेरा दिसला की आपली माणसं एकदम शाळेतल्यासारखं मराठी बोलायला लागतात. तुम्ही स्वतः अहिराणीत बोला, तावडी बोलीत बोला, जी घरात आहे ती. कॅमेरा बाहेर काढायच्या आधी दोन-चार वेळा नुसतं जाऊन बसा, कामाला हात लावा. "काय शूटिंग करी ऱ्हायना रे भाऊ?" असं कुणी विचारलं की सरळ सांगा, कशासाठी आहे, कोण बघणार, कुठं ठेवणार. परवानगी त्या माणसाची घ्यायची, त्याच्या मुलाची किंवा सरपंचाची घेतली म्हणजे झालं असं नाही. एडिट केलेली फिल्म आधी त्यांना दाखवा, ते म्हणाले हे काढ तर काढा.

नंदुरबारच्या आदिवासी भागात, धडगाव-अक्कलकुव्याकडं जाणाऱ्यांनी तर जास्तच जपून. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरला की बाहेरचे फोटोग्राफर येतात आणि मुलं-मुली पळून जाऊन लग्न करतात असं छापून टाकतात, आणि तिथल्या समाजातली शिकलेली मुलं वर्षानुवर्षं सांगताहेत की हा होळीच्या सामानाचा बाजार आहे. तुमच्या अर्जात ती पळून जाण्याची ओळ दिसली तर मला खरंच वाईट वाटेल. तुम्ही स्वतः पावरा किंवा भिल्ल असाल तर आपल्याच लोकांवर फिल्म करणं हा मोठा अभ्यासाचा मुद्दा आहे, तो अर्जात ठासून मांडा.

आता कुठं. मँचेस्टर विद्यापीठात याच विषयाचं ग्रॅनाडा सेंटर आहे, १९८७ मध्ये ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या मदतीनं सुरू झालेलं, लंडनला गोल्डस्मिथ्स कॉलेज आहे, दोन्हीकडं कोर्स एक वर्षाचा. नॉर्वेत ट्रॉम्सोला दोन वर्षांचा आहे, पण २०२३ पासून युरोपबाहेरच्या मुलांना तिथं फी लागते, जुने व्हिडिओ बघून फुकट समजू नका. देशात याच नावाची डिग्री शोधत बसण्यापेक्षा मुंबईच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मीडिया अँड कल्चरल स्टडीज बघा, तिथं डॉक्युमेंटरी करायला लावतात. किंवा पुणे विद्यापीठातून अँथ्रोपॉलॉजी करा आणि कॅमेरा जोडीला चालू ठेवा. घर सोडता येत नसेल तर इग्नूचं एमए अँथ्रोपॉलॉजी आहे, माझ्या मते पाया पक्का करायला ते अजिबात कमी नाही.

पैशाचं नीट वाचा, कारण पोरं इथंच अडकतात. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं भारतात राहावं लागतं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी, पण विद्यापीठ जगातल्या विद्यापीठांच्या क्यूएस रँकिंगमध्ये पहिल्या २०० मध्ये हवं, मँचेस्टर त्यात बसतं, गोल्डस्मिथ्स बसत नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, तिच्यात २०२२ मध्ये नियम आला की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारतावरचा सामाजिक अभ्यास असले विषय चालणार नाहीत. आपल्या विषयाला हा थेट फटका आहे आणि अन्यायाचा आहे असं माझं स्पष्ट मत, म्हणून अर्ज करायच्या आधी त्या वर्षाची नियमावली शब्द न् शब्द वाचा. आदिवासी मुलांसाठी केंद्राची आणि राज्याची योजना वेगळी आहे, आदिवासी विकास खात्याच्या प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा.

स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते अर्जासोबत लिहून देता त्यात, "मला लहानपणापासून आवड" नको. कुणाचं कोणतं काम बघितलं, बघताना कोणता प्रश्न पडला, तो नुसत्या लिखाणानं का सुटत नाही आणि कॅमेऱ्यानं का सुटेल, एवढंच लिहा. वाचनासाठी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसा, आणि चाळीसगावला स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे ते एकदा बघाच, टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी जे फोटो केलेत ते बघून किती वेळ एका गोष्टीकडं बघता येतं हे कळतं. फिल्म व्हिमिओ या व्हिडिओ साइटवर पासवर्ड लावून टाका, सबटायटल एखाद्या अहिराणी येणाऱ्याकडून तपासून घ्या, आणि लिंक दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडते का ते बघूनच अर्ज पाठवा.