‘रन आउट ऑफ’ कसं वापरायचं: संपलं की संपत आलंय?

परदेशी नोकरीची तयारी करणाऱ्या नर्सेसना मी इंग्रजी शिकवते. वॉर्डात त्यांना रोज लागणारं क्रियापद म्हणजे ‘रन आउट ऑफ’. अर्थ: वापरून वापरून साठा संपणं. थर्मामीटर हरवला किंवा मशीन बंद पडलं, तर हे चालत नाही. क्रिकेटमधला रनआउटही इथे डोक्यातून काढून टाका.

आपण म्हणतो, ‘ग्लोव्हज संपले’. इंग्रजीत मात्र ज्यांच्याकडचे संपले, त्यांच्यापासून वाक्य सुरू होतं: ‘वी हॅव रन आउट ऑफ ग्लोव्हज.’ ग्लोव्हजपासूनच सुरुवात करायची, तर ‘ऑफ’ गळतो: ‘द ग्लोव्हज हॅव रन आउट.’ ‘हॅव’नंतर ‘रन’च येतं, ‘रॅन’ नाही. कालची गोष्ट सांगताना ‘रॅन’: ‘वी रॅन आउट ऑफ सिरिंजेस यस्टरडे.’

खरी काळजी घ्यायची ती इथे. ‘वी आर रनिंग आउट ऑफ ऑक्सिजन’ म्हणजे सिलिंडरचा काटा खाली चाललाय, पण दुसरा आणायला अजून थोडा वेळ आहे. ‘वी हॅव रन आउट ऑफ ऑक्सिजन’ म्हणजे आत्ता काहीच शिल्लक नाही. ऐकणारा पहिल्या वाक्याला फोन उचलेल, दुसऱ्याला धावत सुटेल. म्हणून ड्यूटी बदलताना ओव्हर देणाऱ्या, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्डाची माहिती सोपवणाऱ्या सिस्टरने यातलं नेमकं वाक्यच निवडायला हवं. माझ्या वर्गात मी यावर सगळ्यात जास्त वेळ घालवते.

सरावासाठी मी एक खरी घटना सांगते. 23 जुलै 1983 रोजी कॅनडात एका बोइंग 767 विमानाचं इंधन सुमारे 41,000 फुटांवर असताना संपलं, कारण इंधनाचा हिशेब करताना किलोऐवजी पौंडांचा आकडा धरला गेला होता. वैमानिकांनी ते इंजिनांशिवाय तरंगत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले. ‘द प्लेन रॅन आउट ऑफ फ्युएल.’ औषधाचे डोस मोजणाऱ्या मुलींना ही किलो-पौंडांची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

वेळेसाठीही हेच: ‘वी आर रनिंग आउट ऑफ टाइम.’ व्हिसाची मुदत संपते तेव्हा ‘ऑफ’ नको: ‘माय व्हिसा रन्स आउट इन जून.’ ‘रन आउट ऑन’ मात्र निराळं, त्याचा अर्थ एखाद्याला वाऱ्यावर सोडून निघून जाणं.

साठा नुसता कमी झाला असेल, तर ‘वी आर रनिंग लो ऑन सलाइन’ म्हणा. हे वेळेवर बोललात, तर स्टोअरमधून सलाइन मागवायला पुरेसा अवधी मिळतो.