हॉल हवाय? आधी वहीत नाव लिहा

आमच्या हॉलची किल्ली आणि वही गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. चळवळीतल्या संघटना जिथे सभा-तालमी घेतात तो हा हॉल म्हणजे पुण्यातल्या पेठेत एका जुन्या इमारतीचा तळमजला. शेजारी पिठाची गिरणी. आत चाळीस खुर्च्या, सात सतरंज्या, स्टीलचे साठ पेले आणि मूड असेल तेव्हा चालणारा एक माइक. पगारी माणूस एकही नाही. दर आठवड्याला कुणीतरी नवं पोरगं फोन करतं, "मावशी, शनिवारी हॉल मिळेल का?" आणि मी तेच तेच सांगत बसते. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

पहिली गोष्ट वही. फोनवर "हो" म्हटलं म्हणजे हॉल मिळाला असं नाही. इथे येऊन पेनानं लिहायचं: तारीख, वार, वेळ, संघटना, आणि कुलूप लावून जाणाऱ्या माणसाचं नाव. पूर्वी पेन्सिलनं लिहायचो. एकदा कुणीतरी खोडलं, दुसऱ्यानं त्यावर लिहिलं, आणि एकाच संध्याकाळी एका जुन्या कामगार कार्यकर्त्याची शोकसभा आणि जलशाच्या, म्हणजे चळवळीची गाणी म्हणणाऱ्या, पोरांची तालीम असं दोन्ही येऊन ठेपलं. पोरं दारात डफ घेऊन उभी, आत फोटोला हार. पोरांनी डफ पिशवीत घातला आणि दोन तास पायरीवर बसून राहिली. तालमीला जेमतेम अर्धा तास मिळाला. त्या दिवसापासून पेन, आणि वही एकच. मोबाइलवर वेगळी यादी कुणी ठेवायची नाही.

तारीख धरताना आपल्या माणसांचं कॅलेंडर बघा, भिंतीवरचं नव्हे. १ जानेवारीला अर्धी मंडळी भीमा कोरेगावला असतात, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचे कार्यक्रम गल्लोगल्ली. २८ नोव्हेंबरला, महात्मा फुल्यांच्या स्मृतिदिनी, लोक गंज पेठेत फुलेवाड्यावर जातात, ६ डिसेंबरला दादरला. २० ऑगस्टला डॉ. दाभोलकरांच्या स्मृतिदिनी सकाळीच लोक ओंकारेश्वरजवळच्या पुलावर जमतात. २०१३ साली तिथेच त्यांचा खून झाला. त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बोलावलंत तर माणसं थकलेली येतात. गणपतीचे दहा दिवस पेठेत भाषण ठेवूच नका. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असताना वरच्या मजल्यावरची पोरं अभ्यास करतात, तेव्हा माइक बंद.

वारही बघा. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं झालं तर बहुतेक गुरुवारीच ठेवतात, आणि शुक्रवारी सकाळी येतं तेही कमी दाबानं. साठ पेले विसळायचे कशात? गिरणी सातला थांबते. साडेसहाचा कार्यक्रम असेल तर पहिला अर्धा तास गाणी ठेवा, वक्त्याला गिरणीशी भांडायला लावू नका. घरकामगार बायकांची सभा रविवारी दुपारी तीनला. सकाळची कामं आटोपलेली असतात, संध्याकाळची सुरू व्हायची असतात. हे आम्हाला एका ताईनं सांगितलं, तोवर आम्ही सातला सभा ठेवून "बायका येत नाहीत" म्हणून खेद व्यक्त करत होतो.

संडासाची कडी लागते का ते आदल्या दिवशी स्वतः आत जाऊन बघा. साबण, बादलीत पाणी, चालू दिवा. तुमच्या पोस्टरवर समता कितीही मोठ्या अक्षरात छापा, कडी लागत नसेल तर बाई पुढच्या वेळी येणार नाही. आणि साडेआठला संपवा. लांब राहणाऱ्यांना बस मिळायला हवी.

परवानगीचं बरेच जण विचारतात. हॉलच्या आत बसून बोलायला आम्हाला आजवर अडचण आलेली नाही. बाहेर कर्णा लावायचा, फेरी काढायची, रस्त्यावर मांडव घालायचा तर पोलीस चौकीत लेखी अर्ज द्या आणि पोचवर शिक्का घ्या. रात्री दहानंतर बाहेर कर्णा अजिबात नाही. सणासुदीला किंवा तणावाच्या दिवसांत पोलीस कायद्याच्या कलम ३७चा, म्हणजे जमाव-मिरवणुकांवर बंदीचा, आदेश लागू आहे का, ते आधी विचारून घ्या. साध्या वेशातले कुणी येऊन मागे बसले तर बसू दे, चहाही द्या. काही विचारलं तर उत्तर एकानंच द्यायचं, आणि तो कोण ते आधी ठरवायचं. हजेरीची वही टेबलावर उघडी ठेवायची नाही. ज्याला नाव-नंबर द्यायचा नाही त्याला आग्रह नको. फोटो काढण्याआधी सांगायचं. काहींची नोकरी असते, काहींच्या घरी माहीत नसतं.

पैसे. वीज-पाण्याचे तीनशे रुपये. नसतील तर दोन तास श्रमदान: जळमटं, माळा, सतरंज्या उन्हात घालणं. फुकट मात्र नाही, आमच्या स्वतःच्या बैठकीचेही तीनशे आम्ही डब्यात टाकतो. झोळी फिरवायची असेल तर कार्यक्रमाच्या मध्यावर फिरवा. आभार सुरू झाले की लोक चपला शोधायला लागतात. जमलेले पैसे तिथेच दोघांनी मोजून फळ्यावर आकडा लिहायचा.

चहाचं प्रमाण पाठच करा. पन्नास माणसांना दोन लिटर दूध, तेवढंच पाणी, शंभर ग्रॅम पत्ती, तीनशे ग्रॅम साखर, आलं हवं तेवढं. बिनसाखरेचा वेगळ्या पातेल्यात, आमच्यात मधुमेही कार्यकर्ते फार. चहा मध्यंतरात द्यायचा, सुरुवातीला दिलात तर कार्यक्रम पाऊण तास पुढे जातो. आणि चहा पोरींनीच करायचा हा रिवाज इथे चालत नाही. मागच्या वर्षी एका युवा संघटनेच्या अध्यक्षानं स्वतः गाळला. अर्धा सांडला, पण गाळला.

व्यासपीठावर तीनपेक्षा जास्त माणसं नकोत. हारतुरे नकोत. वक्त्याला वेळ फोनवर सांगा, पुन्हा दारात सांगा, आणि पाच मिनिटं उरली की चिठ्ठी द्या. चिठ्ठी खिशात घालून पुढे बोलणारे असतात. त्यांच्यासाठी माझा उपाय म्हणजे मी पंख्यांची बटणं एकेक बंद करत जाते. मे महिन्यात दोन पंखे पुरतात. प्रश्न कागदावर मागवा. माइक फिरवलात तर पहिला माणूस प्रश्न म्हणून दुसरं भाषण करतो, आणि मागे बसलेली, पहिल्यांदाच आलेली मुलगी तशीच निघून जाते. कागदावर तीच सगळ्यात नेमकं विचारते, हे मी कितीदा पाहिलंय.

व्हॉट्सॲपवरचं पोस्टर पाठवण्याआधी तारीख आणि वार जुळतात का ते तिसऱ्याला वाचायला द्या. पत्त्यात "गिरणीशेजारी" लिहा, हॉलचं नाव गल्लीत कुणालाच माहीत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी विचारत नाही: शेवटी कोण थांबणार? कार्यक्रम ठरवायच्या बैठकीतच चार नावं लिहून घ्या. वक्त्यांची नावं त्यानंतर. चारांपैकी दोघं झाडू मारतील, एक पेले विसळेल, एक खुर्च्या दहा-दहाच्या चळतीत भिंतीला लावेल. सतरंजी दोघांनीच घडी करायची, एकट्यानं केली की आतली धूळ आतच राहते आणि पुढच्या सभेत सगळे शिंकतात. "आम्ही सगळे मिळून आवरू" असं सांगणारा गट आला की मी हॉल देते, पण त्या रात्री झाडू माझ्याच हातात असणार हे धरून चालते.

मग पंखे, दिवे, मोरीचा नळ. किल्ली वर गिरणीवाल्या काकांकडे द्यायची, ते साडेनऊला झोपतात. त्याहून उशीर झाला तर माझ्याकडे आणा. बेल वाजवू नका, सासूबाई जाग्या होतात. खालून हाक मारा, मी टोपली सोडते.