पितळी वस्तू, एक कॅमेरा आणि चुंबकी कुलूप: एस्केप रूम प्रकल्प कसा उभारावा

एस्केप रूम म्हणजे कोडी सोडवत खोलीतून बाहेर पडायचा खेळ. त्यात कॅमेऱ्यानं वस्तू ओळखून कुलूप सोडायचा प्रकल्प केला की परीक्षक पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात: कॅमेरा कशाला, आरएफआयडीनं (वस्तूला चिकटवलेला टॅग रेडिओलहरींनी वाचण्याच्या तंत्रानं) भागलं नसतं का? बहुतेक कोड्यांत खरंच भागतं, आणि स्वस्तात. म्हणून टॅग जिथे अडतो असंच कोडं निवडा. १३.५६ मेगाहर्ट्‌झचा साधा टॅग धातूला चिकटवला की वाचला जात नाही. धातूसाठीचे फेराइटवाले टॅग मिळतात, पण ते जाड असतात आणि वस्तू उचलली की खेळाडूला दिसतात.

तेव्हा वाड्यातली एक फळी धरू. तांब्या, घंटा, निरांजन आणि अडकित्ता डावीकडून उजवीकडे ठरलेल्या क्रमानं ठेवले की पेटीचं कुलूप सुटतं. सामान मोजकंच: रास्पबेरी पाय ५ (छोटा संगणक, पुढे नुसतं ‘पाय’), यूएसबी वेबकॅम, १२ व्होल्टचं चुंबकी कुलूप (वीज तुटली की सुटणारं), रिले बोर्ड (पायच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आणि एलईडी पट्टी.

कॅमेरा बरोबर डोक्यावर लावायचा मोह टाळा. वरून पाहिलं तर तांब्याही गोल आणि निरांजनही गोल. कॅमेरा फळीच्या समोरून साधारण ४५ अंशांत तिरका लावा. तांब्याची मान आणि घंटेची मूठ दिसली की निम्मं भांडण मिटतं.

खरा त्रास चकाकीचा. पितळेवर एलईडीचे ठिपके उमटतात, हात हलला की तेही सरकतात आणि मॉडेल (फोटोंवरून वस्तू ओळखायला शिकवलेला प्रोग्रॅम) ठिपक्यांनाच आकार समजून बसतं. पट्टीवर बटर पेपरचे दोन थर लावा. अंधाऱ्या खोलीत वेबकॅम आपोआप एक्स्पोजर (प्रकाश घेण्याचा वेळ) वाढवतो आणि हलणारी वस्तू पुसट येते. त्यामुळे एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) दोन्ही हातानं बांधून टाका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली वीजवारंवारता ५० हर्ट्‌झवर ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटखाली पट्टे दिसतील.

फोटो त्याच कॅमेऱ्यानं, त्याच जागेवरून काढा. प्रत्येक वस्तूचे २५० ते ३०० पुरतात, कारण कॅमेरा हलत नाही. बोटांनी अर्धी झाकलेली वस्तू, आडवी पडलेली घंटा, दोन वस्तू एकमेकींना टेकलेल्या, हे सगळं त्यात हवं. रिकामी फळी आणि नुसते हात असे लेबल (वस्तूभोवतीची चौकट आणि वस्तूचं नाव) नसलेले फोटो दहा टक्क्यांपर्यंत घाला.

फोटोंची ट्रेनिंग (मॉडेलला शिकवणं) आणि चाचणी अशी विभागणी करताना बहुतेक गट फसतात. व्हिडिओतल्या फ्रेम सरमिसळ करून ट्रेनिंग आणि चाचणीत वाटल्या तर शेजारच्या, जवळजवळ सारख्या फ्रेम दोन्हीकडे जातात. अचूकतेचा आकडा ९९ टक्के येतो आणि डेमोच्या दिवशी निरांजन सापडत नाही. एक अख्खं चित्रीकरण, शक्यतो वेगळ्या दिवसाचं, फक्त चाचणीसाठी बाजूला काढा.

ट्रेनिंग गूगलच्या कोलॅबवर (ब्राउझरमधून वापरायच्या संगणकावर) होतं. योलो व्ही ८ नॅनो (चित्रातल्या वस्तू शोधणारं छोटं मॉडेल) आधी शिकवलेलं घ्या, चित्र ६४० पिक्सेल, १०० इपॉक (सगळ्या फोटोंवरून शिकण्याच्या फेऱ्या). आडवं उलटवण्याचं ऑगमेंटेशन (शिकवताना फोटोत मुद्दाम केलेला बदल) मुळातच चालू असतं. या चार वस्तूंना चालतं, पण कोड्यात अक्षरं किंवा बाण असतील तर ते शून्य करा. नंतर मॉडेल एनसीएनएनमध्ये (छोट्या संगणकावर वेगानं चालणाऱ्या स्वरूपात) काढा. पायवर सेकंदाला ५ फ्रेम मिळाल्या तरी पुरे. खेळाडू काही धावत नाहीत.

आता निर्णयाचा कोड. मॉडेल सुधारण्यापेक्षा इथे घालवलेला दिवस जास्त कामी येतो. एकाच वस्तूवर "तांब्या" आणि "निरांजन" अशा दोन चौकटी आल्या तर त्या दोन्ही टिकतात, कारण नेहमीची गाळणी (एकमेकींवर आलेल्या चौकटींतली एकच ठेवणारी) वर्गागणिक, म्हणजे वस्तूच्या प्रकारागणिक, चालते. ती वर्ग न पाहता चालेल अशी करा. मग नेमक्या चार चौकटी, प्रत्येक वर्गाची एक, असं तपासून मध्यबिंदूच्या आडव्या स्थानावरून क्रम लावा. शेवटच्या १५ पैकी १२ फ्रेममध्ये क्रम बरोबर असेल तरच कुलूप सोडा. एकदा सुटलं की पुन्हा लावू नका.

कुलपाच्या तारांवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग), १एन४००७, त्यावरची रेघ धन बाजूला. तो नसेल तर कुलूप सुटताना उसळणाऱ्या व्होल्टेजनं कॅमेऱ्याची जोडणी तुटते आणि दोष मॉडेलवर जातो. पायची पिन ३.३ व्होल्टची असल्यानं ५ व्होल्टचा रिले नीट बंद होत नाही. बोर्डावरचा जंपर (दोन पिना जोडणारं टोपण) काढून व्हीसीसी पिनला ३.३ आणि जेडी-व्हीसीसी पिनला ५ व्होल्ट द्या.

कुलूप पेटीलाच लावा, खोलीच्या दाराला नको. पोलंडमधल्या कोशालिनमध्ये ४ जानेवारी २०१९ रोजी एस्केप रूमला लागलेल्या आगीत पंधरा वर्षांच्या पाच मुलींचा जीव गेला. दाराला लावायचंच असेल तर १२ व्होल्टच्या तारेतच, आतून हाताशी येणारं बटण हवं. ते दाबलं की वीज तुटते आणि कुलूप सुटतं, संगणक चालू असो वा अडकलेला.

अहवालात एमएपी (मॉडेलच्या अचूकतेचं माप) द्याच, पण सोबत खेळाचे आकडे द्या: क्रम बरोबर लागल्यापासून कुलूप सुटेपर्यंतचे सेकंद, तासाभरात चुकून किती वेळा सुटलं, किती वेळा माणसाला हात घालावा लागला. चुकीच्या सुटण्याची चाचणी रिकाम्या फळीवर घेऊन भागत नाही. चार वस्तूंचे २४ क्रम होतात. उरलेले २३ एकेक करून लावा आणि प्रत्येक वेळी तीन सेकंदांहून जास्त थांबा.